स्टोअरला टॉक लागतंय का?

रिकाम्या बरण्या, जुन्या लग्नपत्रिका आणि कंपनीतले किस्से, या तीन गोष्टी घरात कधी साठल्या ते कळतच नाही. टाकून द्यायला हात धजत नाही. बायको म्हणते, "बरण्या तरी लोणच्याला येतात!"

तिचं दुसरं म्हणणं असं की मला धक्के फार लवकर बसतात. "दूध उतू गेलं तरी ‘अरे बापरे’ करून मटकन खाली बसता." असेल बुवा. पण वाळूजला त्या चार महिन्यांत मला जे धक्के बसले, ते कुणालाही बसले असते. चहा मागवलाच आहे, तर ऐका.

आमची कंपनी स्कूटरचे पार्ट बनवायची. जुना प्लांट चिकलठाण्याला, नवा वाळूजला, आणि मधे अख्खं औरंगाबाद. (औरंगाबादच म्हणतो, तेव्हा तेच नाव होतं.) वाळूजला तेव्हा दर आठवड्याला नवं शेड उभं राहायचं. काल जिथं ज्वारी होती तिथं आज कंपनीचा बोर्ड! मी तिथं कॉम्प्युटर खात्यात होतो. खातं म्हणजे काय, तर मी, एक एसी आणि उत्तम साळवे.

साळवे माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून आलेला. कुठलीही मेलेली वस्तू त्याच्या हातात दिली की अर्ध्या तासात खरखर करून बोलायला लागायची. पण हुद्द्यानं माझ्या हाताखाली, आणि तोही टेम्पररी. बायको, दोन मुली, आणि दर वर्षी "पुढच्या वेळी नक्की बघू" हे वाक्य, एवढा त्याचा संसार.

आमचे साहेब वझे. पुण्याला बसायचे, महिन्यातून दोनदा यायचे. नियमाचे इतके पक्के की स्वतःच्या रिकाम्या केबिनमध्ये शिरतानाही दार वाजवायचे!

तर आम्ही दोघांनी ‘टॉक’ बसवलं. इथल्या मशीनवर ओळ टाइप केली की तिथल्या पडद्यावर त्याच क्षणी उमटणार, आणि तिथला माणूस लगेच उत्तर देणार. आता तुमच्या नातवाच्या खिशात असतं तेच. पण तेव्हा इंटरनेट ही चीज आम्ही फक्त मासिकात वाचलेली. आमचं सगळं आमच्याच सर्व्हरवर, आमच्याच वायरवर, आणि दोन प्लांटच्या मधे टेलिफोन खात्याकडून भाड्यानं घेतलेली एक लाइन.

वझे साहेबांनी ते पाहिलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "घटस्थापनेपासून संक्रांतीपर्यंत चालवून दाखवा. तक्रारवही ठेवा. तीन तक्रारी झाल्या की प्रयोग बंद, आणि साळवेंचं कामही संपलं. तीनच्या आत राहिलात, तर साळवे कायम. पत्र मी स्वतः घेऊन येईन."

मी हबकलो. एका माणसाची भाकरी वायरीला टांगली की हो! साळवे फक्त "व्हय, सर" म्हणाला आणि परत सोल्डरिंगला बसला.

*

टॉक सुरू व्हायच्या आधीच पहिला दणका.

प्रत्येक मशीनला टेलिफोनसारखा एक लांबलचक नंबर असतो. तो कुणाच्या ध्यानात राहणार? म्हणून नंबरासमोर नाव लिहायचं, इंग्रजी आठ अक्षरांच्या आत. इतर मशीनना खात्यांची नावं दिली, कुणी हूं की चूं केलं नाही. प्रश्न राहिला मुख्य सर्व्हरचा. मी भाबडेपणानं नोटीस लावली: ‘नाव सुचवा.’

अहो, कुठून बुद्धी झाली! ते दिवस कसले होते? विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न पंधरा वर्षं धुमसत होता. कुणाची घरं जळली होती, कुणी जीव दिला होता. आता निकाल लागणार असं जो तो म्हणत होता, पण कंपनीत हा विषय कुणी मोठ्यानं काढत नव्हतं. काढलाच तर आमच्या स्टोअरचे प्रमुख भाऊसाहेब. वेरूळकडचे, घरची बागायत, मनानं दिलदार. पेरू आले की सगळ्या खात्यांना पाटी, हुरडा आला की पिशवी. ते म्हणायचे, "अरे, नावाला काय चाटायचंय? पोरं शिकल्याशी मतलब!"

तेच भाऊसाहेब सर्व्हरच्या नावासाठी अकरा दिवस भांडले! त्यांना ‘वेरूळ’ पाहिजे. शॉपवाल्यांना, म्हणजे कारखान्यात माल बनवणाऱ्यांना, ‘बजरंग’. अकाउंटला ‘लक्ष्मी’. क्वालिटीला ‘हिमालय’. चिकलठाण्याचे टेलिफोन ऑपरेटर नयीमभाई म्हणाले, "‘चाँद’ रक्खो साब, किसी को तकलीफ नइं." आणि गेटवरचे काशिनाथमामा, फुलंब्रीकडचे, घरी मेंढरं. ते म्हणाले, "बिरोबा ठिवा. देव बी हाय आन् राखण बी करतो."

शेवटी मीटिंग बोलावली. आरडाओरडा टिपेला पोचल्यावर साळवे हळूच म्हणाला, "भाऊसाहेब, नावाला काय चाटायचंय? ठेवू की ‘बिरोबा’."

"असं कसं चालंल?" भाऊसाहेब ताडकन उठले. "नाव म्हंजे काय गंमत हाय का?"

साळवेनं खाली बघून वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं.

बातमी पुण्याला गेली. वझे साहेब फोनवर कडाडले, "शहरात नावापायी बसगाड्या बंद पडतायत आणि तुम्ही कंपनीत बारसं घातलंय? नाव नकोच! नुसता नंबर!"

नंबर तर नंबर. सगळं शांत झालं. घटस्थापना झाली, वही उघडली, आणि चौथ्याच दिवशी वहीत पहिली ओळ: ‘बजरंग बंद आहे.’ मी डोळे फाडून बघतोय, हा बजरंग कोण? तोवर स्टोअरचा फोन: "सर, वेरूळ उघडंना!" पाठोपाठ अकाउंट: "आमची लक्ष्मी गेली!"

झालं होतं असं की नावांची यादी प्रत्येक मशीनमध्ये वेगवेगळी असते. आम्ही मुख्य यादी कोरी ठेवली, आणि प्रत्येक खात्यानं गुपचूप आपापल्या मशीनमध्ये आपापलं नाव लिहून टाकलं. सर्व्हर एक आणि त्याला सहा नावं! मी डोक्याला हात लावला. "साळवे, अहो हे इतके दिवस चाललं कसं?"

"चालणारच की, सर. नाव ज्यानं त्यानं आपल्या घरात लिहिलंय. जातात सगळे त्याच नंबरावर."

सर्व्हर दहा मिनिटांत उठला. धास्ती होती ती वहीतल्या ओळीची. वझे साहेबांनी वही उघडली, ‘बजरंग’वर बोट ठेवलं, मशीनची छापील यादी वरपासून खालपर्यंत दोनदा तपासली आणि गंभीरपणे म्हणाले, "या नावाचं मशीन आपल्याकडे नाही. ही तक्रार धरता येणार नाही."

*

पण खंडेनवमीनं आम्हाला गाठलंच.

वाळूजच्या शॉपमध्ये एकच काळी केबल सगळ्या मशीनमधून ओवत नेलेली होती. तिच्या दोन्ही टोकांना बोटाच्या पेराएवढी टोपी. एक टोपी जरी निघाली, की अख्खं नेटवर्क आडवं! ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. कशाला सांगायची? टोपी कोण काढणार आहे?

सकाळी येऊन बघतो तर टॉक मेलेलं. मी आणि साळवे केबल धरून निघालो. या टोकाला टोपी नाही. त्या टोकाला नाही. मधले जोडसुद्धा उघडे! "चोरी!" मी बोंबललो. घामानं शर्ट चिकटला. सिक्युरिटीला हाक मारायला वळलो तेवढ्यात साळवेनं माझं मनगट धरलं आणि नुसतं बोट दाखवलं.

शॉपच्या मधोमध पूजा मांडलेली. पाने, हातोडे, करवती, व्हर्नियर. आणि सगळ्यांच्या पुढं पितळी ताटलीत, रॉकेलनं लख्ख धुतलेल्या, हळदकुंकू वाहिलेल्या आमच्या टोप्या! वर झेंडूची पाकळीसुद्धा होती.

शॉपचे मिस्त्री हात जोडून उभे. "सायेब, लई कळकट झालं व्हतं तुमचं हत्यार. आल्यापासून राबतंय बिचारं. एक दिस आराम नको व्हय त्याला?"

"अहो, द्या ते इकडं!"

"हां! हात नाय लावायचा!" मिस्त्री आडवे झाले. "मांडलेलं हत्यार दसऱ्याची पूजा झाल्याबिगर उचलत नसत्यात. तुमच्या घरी उचलत्यात का?"

आमच्याही घरी उचलत नाहीत! उलट त्यांनी माझ्याच कपाळाला कुंकू लावलं. टॉक दीड दिवस बंद. ‘बजरंग’च्या घोळानंतर तक्रारवही चिकलठाण्याला नयीमभाईंच्या टेबलावर ठेवली होती. त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘वाळूज बात नहीं करता.’ तक्रार क्रमांक एक.

मी कपाळ धरून बसलो, आणि साळवे शांतपणे प्रसाद खात होता. म्हणाला, "सर, खोबरं मात्र गोड निघालं."

*

नयीमभाईंची गोष्ट वेगळीच. वीस वर्षं बोर्डावर बसलेला माणूस. प्लग खुपसून अख्ख्या कंपनीची बोलणी जोडून द्यायचे. टॉक आलं आणि त्यांच्या मनात भीती बसली. "मशीनां आपस में बातां करने लगे तो नयीम क्या करेगा, साब?"

मी म्हटलं, तुम्ही आहातच. पण भीती कुठं जाते?

दिवाळीच्या आसपास एक नवीनच प्रकार सुरू झाला. रोज दुपारी एकला दोन प्लांटमधली लाइन तुटायची आणि सव्वाला आपोआप जोडली जायची. टेलिफोन खात्याचे लोक येऊन गेले. लाइन ठणठणीत! साळवेचं मोडेम, म्हणजे मशीनचं बोलणं लाइनवर घालणारी पेटी, उघडून झालं, माझे देवाला हात जोडून झाले. पाचव्या दिवशी नयीमभाईंनी वहीत लिहिलं: ‘रोज एक बजे लाइन बंद.’ तक्रार क्रमांक दोन! संक्रांत अजून दोन महिने लांब, आणि हातात उरली एकच.

सहाव्या दिवशी साळवे पावणेएकला चिकलठाण्यात जाऊन टेलिफोन बोर्डाच्या खोलीच्या दारामागं उभा राहिला. एक वाजला. नयीमभाईंनी डबा उघडला. मग टेबलाखालून एक जुना फोन काढला, आमच्या लाइनला परस्पर जोडलेला. रिसीव्हर कानाला लावला आणि घास घेत घेत ऐकायला लागले!

"नयीमभाई, काय करताय?"

"अरे, सुन रा था, मियाँ." ते दचकले, पण खोटं बोलले नाहीत. "देखूँ तो सही, ऐसी क्या बातां करते ये लोगां, जो मेरे बोर्ड पे नइं हो सकतीं? छे रोज से सुन रा हूँ. खाली चीखते, मियाँ! एक लफ्ज समझ में नइं आता!"

मोडेमची किंचाळी हो ती! यांनी रिसीव्हर उचलला की लाइन तुटायची, आणि तुटलेली लाइन जोडायला दोन्हीकडची मोडेम जिवाच्या आकांतानं ओरडायची. रोज पंधरा मिनिटं हा माणूस जेवताना तेच ऐकत होता!

आपल्यामुळं साळवेच्या नोकरीवर आलंय हे कळल्यावर मात्र नयीमभाई रडवेले झाले. वही घेऊन थेट वझे साहेबांसमोर उभे. "मेरी गलती, साब. काट देता हूँ."

साहेब म्हणाले, "वहीत खाडाखोड चालणार नाही."

काय करणार, नियम तो नियम.

*

डिसेंबरात काशिनाथमामांनी जो हादरा दिला त्यानं वझे साहेबही हलले.

गेटला टॉक देताना साहेबांची अट होती: गेटनं फक्त डिस्पॅचशी, म्हणजे माल पाठवणाऱ्या खात्याशी बोलायचं, बाकी कुणाशी नाही. कोण कुणाशी बोलू शकतो याची यादी सर्व्हरवर माझ्या हातात. साळवेनं मामांना दोन दिवसांत एका बोटानं टाइप करायला शिकवलं. आधी मामा पडद्यासमोर टोपी काढून उभे राहायचे आणि उत्तर मोठ्यानं द्यायचे. "आली, आली गाडी!" असं मशीनला ओरडून सांगायचे. पण बोट चालायला लागल्यावर गडी रंगला.

आणि मी, मी शहाण्यानं, यादीत डिस्पॅचच्या नंबराऐवजी चांदणी टाकली. चांदणीचा अर्थ ‘सगळे’!

त्या दिवशी चिकलठाण्याला पुण्याचे सगळ्यात बडे साहेब आलेले. वझे साहेब त्यांना टॉक दाखवतायत. तेवढ्यात दोन्ही प्लांटमधले सगळे पडदे एकदम टिंग वाजले आणि सगळ्यांवर एकच ओळ उमटली:

‘चौदा आत. तेरा भाईर. एक लंगडा हाय.’

बड्या साहेबांनी विचारलं, "लंगडा कोण?"

वझे साहेबांचा चेहरा पांढराफटक. तोवर दुसरी ओळ: ‘लंगडा बसलाय. उठना. पाना धाडा.’ आणि लगेच तिसरी: ‘म्या भाकर खातू. कुनी आवाज देऊ नगा.’

मी वाळूजहून गेटकडं पळत सुटलो. मामा कांदा फोडत होते. "मामा, अहो लंगडा कोण?"

"त्यो काय ट्रक!" त्यांनी निवांत बोट दाखवलं. "मागलं टायर बसलंय. बसलेल्या टायराची गाडी लंगडीच की! मेंढरं बी अशीच मोजतो आमी. गेली किती, आली किती, लंगडं किती. हिशेब चुकत नाय."

तिकडं नयीमभाई पेन उघडून, वही पुढ्यात घेऊन बसलेले. गेटच्याच पडद्यावर त्यांचा प्रश्न उमटला: ‘लिखूँ क्या?’ तिसरी तक्रार! आणि माझ्या हातानं झालेल्या चुकीची!

पण बडे साहेब पोट धरून हसत होते. म्हणाले, "वझे, इतका स्वच्छ रिपोर्ट मला पुण्यात कुणी देत नाही." नयीमभाईंनी पेन मिटलं.

*

आता पुढचा किस्सा. हा सांगताना हसू येत नाही, पण सांगितलाच पाहिजे.

जानेवारी लागला. शहरात पोलीस वाढले. कंपनीच्या बसला खिडक्यांवर जाळ्या बसल्या. बसमध्ये पूर्वी मागं-पुढं मिसळून बसणारी माणसं आता आपापल्यात बसायला लागली. काशिनाथमामा म्हणाले, "मोजायला गेलं तर कळप दोन झाल्यात."

मला एक गोष्ट खटकायची. साळवे दिवसातून चार-पाचदा स्टोअरला चालत जायचा. स्टोअर प्लांटच्या दुसऱ्या टोकाला, उन्हातून जाऊन यायला पंधरा मिनिटं. हातात चिठ्ठी. मी एकदा डाफरलोसुद्धा, "साळवे, अहो टॉक बसवलंय कशाला? चालत काय जाता?"

"पाय मोकळे होतात, सर."

एक दिवस त्याची धाकटी मुलगी आजारी, म्हणून तो आला नाही. त्याचं काम माझ्यावर. मी त्याच्याच मशीनवर, त्याच्याच नावानं बसलो आणि स्टोअरला निरोप टाकला. उत्तर नाही. दुसरा टाकला, नाही. मला वाटलं, झालं, नेटवर्क गेलं! घाईघाईनं माझ्या मशीनवरून तोच निरोप टाकला. क्षणात उत्तर: ‘बोला सर! हुरडा पाठवू का?’

परत साळवेच्या नावानं टाकला. शुकशुकाट.

मी सर्व्हरवर स्टोअरची यादी उघडली. आमच्या प्रोग्राममध्ये एक सोय होती. कुणी उगाच पिडत असेल तर त्याचं नाव लिहायचं, म्हणजे त्याचे निरोप आपल्या पडद्यावर येत नाहीत. ती सोय मीच करून दिली होती. स्टोअरच्या यादीत एकच नाव होतं. साळवे. टाकल्याची तारीख दिवाळीतली.

मला घाम फुटला नाही, मी ओरडलो नाही. भाऊसाहेब! ज्यांचे पेरू आम्ही दोघांनी एकाच पाटीतून खाल्ले, ते भाऊसाहेब! मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. दोन महिने माणूस माझ्या डोळ्यांसमोर चालत होता आणि मी त्याला टॉक वापरायला शिकवत होतो!

दुसऱ्या दिवशी साळवे आल्या आल्या विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय, सर."

"मग बोलला का नाहीत?"

"तक्रार झाली असती ना." तो खुर्ची पुसत होता. "दोन झाल्यात."

मी म्हटलं, आत्ता पुसतो ते नाव. तो म्हणाला, "तुम्ही पुसाल, ते परत टाकतील, मग बोलाचाली होईल, मग वहीत चढेल. आठ दिवस राहिलेत, सर. राहू द्या."

आणि मी राहू दिलं. सोपं होतं ना! चालत तो जात होता, मी नाही. आजही हे सांगताना मला लाज वाटते.

*

संक्रांतीला निकाल लागला. विद्यापीठाला नवं नाव मिळालं. कुठं गुलाल उधळला, कुठं रस्त्यावर टायर जळाले. दुसऱ्या दिवशी, किंक्रांतीला, कंपनीत निम्मी हजेरी. जे आले होते ते एकमेकांच्या तोंडाकडं बघून मगच तोंड उघडत होते.

अशा दिवशीही वझे साहेब वेळेवर वाळूजला हजर! माझ्याच केबिनचं दार वाजवून आत आले. बॅगेतून पत्र काढलं, टेबलावर ठेवलं, वर पेपरवेट. मी खुर्चीतून न उठता वाचून घेतलं. उत्तम साळवे यांना कायम करण्यात येत आहे. खाली सहीची जागा कोरी.

"वही," साहेब म्हणाले.

नयीमभाई चिकलठाण्याहून वही घेऊन आले होते. पण ती त्यांनी छातीशी धरली आणि सोडीनात. "साब, मैंने नइं लिखा. मैंने तो हाथ पकड़ा इसका. कल आके इसने खुद लिखा."

साहेबांनी वही उघडली. मी वाकून बघितलं.

‘तक्रार क्रमांक तीन. वाळूज स्टोअर. साळवे या माणसाचे निरोप घेतले जात नाहीत.’ खाली पूर्ण नावानं सही, उत्तम साळवे.

माणसानं दोन महिने उन्हात चालून ती एक तक्रार टाळली होती. एक दिवस! नुसता एक दिवस गप्प बसायचं होतं! मला वाटलं, त्याला गदागदा हलवावं. तो दाराजवळ उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून.

साहेब म्हणाले, "साळवे, या तीन झाल्या."

"व्हय, सर."

"नियम माहीत होता?"

"माहीत होता."

"मग कालच का लिहिलं? उद्या लिहायचं."

"उद्या मी कायम झालेलो असतो, सर. मग कायम झालेल्या माणसानं लिहिली असती. ही माझी हाय. मला माझ्या नावावर पाहिजे होती."

साहेबांनी विचारलं, "हा बिघाड कधीपासूनचा?"

"मशीनमधला ना, सर? मशीनमधला दिवाळीपासूनचा."

वझे साहेब उठले. वही काखेत मारली आणि बाहेर पडले. मी खिडकीतून बघतोय, साहेब गाडीत बसले नाहीत. सरळ उन्हातून स्टोअरकडं चालत निघाले. नयीमभाई पुटपुटले, "या अल्ला, पैदल जा रे!"

पाऊण तासानं परतले. बुटांवर धूळ. तिथं काय बोलणं झालं, ते आजपर्यंत ना साहेबांनी सांगितलं, ना भाऊसाहेबांनी. साहेब खुर्चीत बसले, पेपरवेट उचललं आणि पत्रावर सही केली. तीन तक्रारी झाल्यावर वझे साहेबांनी सही केली! वझे साहेबांनी!

मग वही साळवेपुढं सरकवली. ‘केलेली दुरुस्ती’ या रकान्यात त्यांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: ‘स्टोअरप्रमुखांनी स्वतःच्या हातानं यादीतून नाव काढलं.’ शेजारचा शेवटचा रकाना कोरा होता. तिथं छापलेलं असतं: ‘तक्रारदाराचे समाधान झाले. सही.’

साहेबांनी स्वतःचं पेन त्याच्यापुढं धरलं. "सही करा, म्हणजे तक्रार बंद करू."

साळवेनं पत्र घेतलं, नीट घडी घालून खिशात ठेवलं. पेन हातात घेतलं. रकाना दोनदा वाचला. मग पेनाला टोपण लावून ते साहेबांना परत दिलं.

"सही नंतर करतो, सर," तो म्हणाला. "आधी थोडे दिवस चालवून बघू."